वीज, विमान आणि जालन्याची मुले



व्याख्यानमालेचे हे दिवस म्हणजे परीक्षा संपलेल्या आणि निकाल न लागलेल्या दिवसांचा काळ. या दिवसांत घराघरांतून एकच प्रश्न घोळत असतो : मुलाला पुढे काय करावयाचे? मुलीच्या बाबतीतही आता तोच प्रश्न विचारला जातो, ही समाधानाची गोष्ट आहे. विजेची यंत्रे घडविणारे कारखाने आणि विमानांचे वा अग्निबाणांचे भाग घडविणारे कारखाने यांत काम करावयाचे, तर कोणती विद्या लागते, ती कोठे मिळते आणि ती आपल्यासारख्यांच्या मुलांच्या आवाक्यातली आहे काय, एवढाच आजचा विषय आहे.

जालन्यात बसून विमानाच्या गोष्टी कशाला, असे कोणाच्या मनात आले असेल तर त्यात नवल नाही. आपल्या जिल्ह्याची ओळख बियाणे, मोसंबी आणि लोखंडी सळई अशी आहे. पण मी आज सुरुवात सळईपासूनच करणार आहे. दूरची गोष्ट समजून घ्यावयाची तर पायाखालच्या जमिनीवरून चालू लागावे, हे बरे.

आपल्या औद्योगिक वसाहतीत भंगार वितळविणाऱ्या भट्ट्या आहेत, हे आपणां सर्वांना ठाऊक आहे. परंतु या भट्टीत जाळ नसतो, हे किती जणांच्या ध्यानात आले असेल? तेथे कोळसाही पेटत नाही आणि तेलही जळत नाही. उष्णता सहन करणाऱ्या पुडीचे अस्तर ठोकून बसविलेले एक मोठे भांडे असते. त्याच्याभोवती तांब्याच्या पोकळ नळीचे वेटोळे असते आणि त्या नळीतून सतत थंड पाणी खेळविलेले असते. वेटोळ्यातून वीज सोडतात. ती सेकंदाला शेकडो वेळा आपली दिशा बदलते. तिच्याबरोबर वेटोळ्याच्या आतले चुंबकत्वही सारखे उलटसुलट होते आणि त्यामुळे भांड्यातल्या लोखंडाच्या अंगातच विजेचे भोवरे उठतात. या भोवऱ्यांनी लोखंड आतून तापते, लाल होते आणि सोळाशे अंशांच्या आसपास पाण्यासारखे होते. एक टन भंगार असे वितळवावयाचे तर साधारणतः सहाशे युनिट वीज खर्ची पडते.

ज्या नियमावर ही भट्टी चालते, तो मायकेल फॅरडे याने १८३१ साली लंडनमध्ये प्रयोगाने दाखवून दिला. फॅरडे लोहाराचा मुलगा होता. लहानपणी त्याने पुस्तके बांधणाऱ्याच्या दुकानात उमेदवारी केली. बांधावयास आलेली पुस्तकेच त्याची शाळा झाली. ही गोष्ट जाता जाता सांगितली. तिचे कारण पुढे येईल.

आता भट्टीकडून शेताकडे येऊ. अंबड, घनसावंगी, भोकरदन येथून आलेले शेतकरी बंधू येथे बसले आहेत. 'डीपी जळाली' हे दोन शब्द ऐकले की त्यांच्या छातीत धस्स होते. ऐन उन्हाळ्यात डीपी जळावी, आठ-दहा दिवस दुरुस्तीची वाट पाहावी आणि तेवढ्यात मोसंबीच्या बागेने माना टाकाव्यात, हे दुःख पुस्तकातले नव्हे. ही डीपी म्हणजे काय? त्या खांबावरचे मुख्य यंत्र म्हणजे रोहित्र, ज्याला आपण ट्रान्सफॉर्मर म्हणतो. ते अकरा हजार व्होल्टची वीज घेऊन मोटारीला आणि घराला चालेल एवढ्या दाबाची करून देते. हे रोहित्र आणि ती भट्टी सख्खी भावंडे आहेत. दोन्हींत तांब्याचे किंवा ॲल्युमिनियमचे वेटोळे, दोन्हींत उलटसुलट होणारे चुंबकत्व. भेद इतकाच, की भट्टीत जे भोवरे आपणांस हवे असतात, तेच रोहित्रात शत्रू ठरतात. रोहित्राच्या गाभ्यातले लोखंड तापू लागले, तर वीज वाया जाते आणि यंत्राचे आयुष्य घटते.

म्हणून तो गाभा अखंड लोखंडाचा करीत नाहीत. सिलिकॉन मिसळलेल्या पोलादाचे, मिलिमीटरच्या चौथ्या हिश्श्याइतके पातळ पत्रे कापतात, प्रत्येकावर विद्युतरोधक लेप असतो, आणि ते एकावर एक रचतात. पत्रे वेगळे राहिले की भोवऱ्यांना फिरावयास जागा उरत नाही. परंतु कापताना पत्र्याच्या कडेला बारीकशी धार उरली, तर ती लेप फोडून शेजारच्या पत्र्याला भिडते आणि सारे मुसळ केरात जाते. पुढे वेटोळे गुंडाळताना कागदाची घडी चुकली, किंवा गुंडाळलेला संच भट्टीत नीट वाळला नाही आणि कागदात दमटपणा राहिला, तरी दोष वरून दिसत नाही. रंग चकचकीत असतो आणि पाटीवरचा आकडा बरोबर असतो. दोन उन्हाळे जातात, आणि तिसऱ्या उन्हाळ्यात एका खेड्याचा पाणीपुरवठा बंद पडतो. प्रत्येक जळालेल्या डीपीला कारखानाच कारणीभूत असतो, असे मला म्हणावयाचे नाही. तेल कमी पडते, भार बेसुमार वाढतो, आकडे टाकले जातात, हे सारे आहेच. पण विजेची यंत्रे घडविणारा कामगार कोणत्या जबाबदारीवर बसलेला असतो, ते यावरून ध्यानात यावे.

महाराष्ट्रात या उद्योगाचा पसारा मोठा आहे. नाशिक, ठाणे-बेलापूरचा पट्टा, पुणे, अहिल्यानगर आणि आपले शेजारचे छत्रपती संभाजीनगर येथे मोटारी, रोहित्रे, स्विचगिअर, केबल आणि त्यांचे सुटे भाग तयार होतात. शेंद्र्याची औद्योगिक नगरी तर जालना रस्त्यावरच आहे. बिडकीनला विजेवर चालणाऱ्या गाड्यांचे कारखाने येणार, अशा घोषणा २०२४ साली झाल्या. घोषणा म्हणजे कारखाना नव्हे, हे मराठवाड्याला कोणी नव्याने शिकविण्याची गरज नाही. तरी गाडी विजेवर चालू लागली की मोटार, वेटोळे, तारा आणि नियंत्रक यांची माहिती असणारी माणसे अधिक लागणार, एवढे निश्चित. वेटोळे गुंडाळणे, सर्किटची जुळणी करणे आणि तपासणी करणे या कामांत आज स्त्रिया मोठ्या संख्येने दिसतात. येथे बोटांची स्थिरता आणि चित्ताची एकाग्रता लागते, आणि त्या गुणांवर पुरुषांचा मक्ता नाही.

आता विमानाकडे वळू. प्रथम एक घोटाळा दूर केला पाहिजे. विमान उडविणे, विमान राखणे आणि विमान घडविणे हे तीन निरनिराळे धंदे आहेत. उडविणारा तो वैमानिक. विमानतळावर त्याची तपासणी करून 'हे उडण्यास योग्य आहे' अशी सही करणारा तो देखभाल अभियंता. त्याला केंद्राच्या नागरी विमान महानिदेशालयाची परीक्षा देऊन परवाना मिळवावा लागतो. आणि घडविणारा तो कारखान्यातला कारागीर, तंत्रज्ञ आणि अभियंता. जाहिरातींत या तिघांची खिचडी केलेली असते आणि आईबाप लाखो रुपये भरून बसतात. पैसे भरण्यापूर्वी संस्थेला महानिदेशालयाची मान्यता आहे काय, कोणत्या परवान्यासाठी आहे आणि तिच्या किती विद्यार्थ्यांनी तो परवाना प्रत्यक्ष मिळविला, हे तीन प्रश्न अवश्य विचारावेत. उत्तर देताना समोरचा गृहस्थ चाचरला, तर पिशवी उचलून घरी यावे.

विमान घडविण्याच्या धंद्याशी मराठी प्रदेशाचा संबंध आजचा नाही. सोलापुरात १८८२ साली जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४० च्या डिसेंबरात म्हैसूर संस्थानच्या साहाय्याने बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी काढली. १९४१ मध्ये तेथे तयार झालेले पहिले विमान उडाले आणि १९४२ मध्ये युद्धाच्या गरजेमुळे सरकारने कारखाना हाती घेतला. त्याच रोपाचा वृक्ष म्हणजे आजची हिंदुस्थान एरोनॉटिक्स. तिचा नाशिकजवळचा ओझरचा कारखाना १९६४ पासूनचा. तेथे मिग-२१ विमाने घडली, पुढे सुखोई-३० घडली, आणि १७ ऑक्टोबर २०२५ रोजी तेथे तयार झालेल्या पहिल्या तेजस मार्क-१ए विमानाने आकाशात झेप घेतली. मुंबईत विक्रोळीला गोदरेजच्या कारखान्यात अंतराळ संस्थेच्या रॉकेटांची विकास इंजिने तयार होतात.

परंतु आपणांस अधिक जवळचे उदाहरण आहे ते इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरचे. हे गाव वसले ते साखर कारखान्यामुळे. उसाच्या शेतांत उभे राहून तेथल्या लोकांनी साखर कारखान्यांची यंत्रे बनविली, सिमेंटच्या कारखान्यांची बनविली, आणि तीच जाड पत्रे वाकविण्याची, सांधण्याची व तपासण्याची विद्या वाढवीत वाढवीत ते पीएसएलव्ही या रॉकेटाच्या मोटारींची आवरणे करू लागले. १४ जुलै २०२३ रोजी चांद्रयान-३ ज्या रॉकेटावर चढून गेले, त्याच्या बाजूच्या दोन प्रचंड बूस्टरांच्या आवरणांतही वालचंदनगरच्या कामाचा वाटा होता. ज्या हातांना साखरेची यंत्रे ठाऊक होती, त्या हातांच्या वारसांनी हे केले. तेव्हा, सळई करणाऱ्या गावाने विमानाची भाषा बोलू नये, असे म्हणण्यास आधार उरत नाही.

हे आवरण म्हणजे काय चीज आहे, ते पाहण्यासारखे आहे. पीएसएलव्हीच्या पहिल्या टप्प्याचे आवरण २.८ मीटर व्यासाचे. आत माणूस उभा राहिला तरी डोके लागू नये. त्याची भिंत मात्र सेंटिमीटरभरही जाड नाही. आत घन इंधन पेटते आणि हवेच्या दाबाच्या पन्नास-साठपट दाब त्या भिंतीवर येतो. सारा खेळ दोन मिनिटांच्या आत आटोपतो, पण तेवढ्यात एक सांधा उकलला तर कित्येक वर्षांचे श्रम समुद्रात जातात. जाडी वाढवावी, तर वजन वाढते आणि रॉकेट उचलत नाही. म्हणून पोलादच वेगळे घ्यावे लागते. आपल्या सळईवर 'फे ५००' असा छाप असतो. त्याचा अर्थ, दर चौरस मिलिमीटरला ५०० न्यूटन ताण येईपर्यंत ती कायमची ताणली जात नाही. रॉकेटाच्या आवरणाचे पोलाद सतराशेच्या आसपास ताण सोसते. त्यात सुमारे अठरा टक्के निकेल असते आणि कार्बन जवळजवळ नसतो. त्याला ४८० अंशांच्या सुमारास काही तास ठेवून 'पिकवितात'. आंबा आढीत घालावा तसा हा प्रकार. घाई केली तर कच्चा राहतो आणि फार ठेवला तर बिघडतो.

मापाचे तसेच. आपल्याकडे सळई सुतात मागतात : तीन सूत, चार सूत. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तीन मिलिमीटरांहून थोडा अधिक. घराच्या स्लॅबला एवढी भाषा पुरते. विमानाच्या इंजिनातला तुकडा कातताना मिलिमीटरच्या शंभराव्या भागाची भाषा बोलावी लागते, काही ठिकाणी त्याहूनही बारीक. माणसाचा केस साधारण सात शतांश मिलिमीटर जाडीचा असतो. त्या केसाचे सात पदर केले तर एका पदराएवढी चूक सांभाळावयाची, असा हा धंदा आहे. सकाळच्या गारव्यात घेतलेले माप दुपारच्या उन्हात जुळत नाही, म्हणून मोजणीची खोली वीस अंशांवर ठेवतात. तुकडा तयार झाला की क्ष-किरणांनी आणि कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरींनी त्याचे पोट तपासतात. हे तपासणे हादेखील स्वतंत्र पेशा आहे. त्याच्या तीन पायऱ्यांच्या परीक्षा असतात आणि चांगल्या तपासनिसाला सही करण्याचा मान असतो.

सहीवरून माझ्या उमेदवारीतला एक प्रसंग आठवतो. कारखान्याचे नाव सांगत नाही. ते सांगण्याचे प्रयोजन नाही. मी लेथवर एक तुकडा काढला होता. माप अगदी चोख, अंग आरशासारखे. मी तो मोठ्या ऐटीत तपासनिसापुढे ठेवला. त्यांनी तो उलटसुलट पाहिला आणि विचारले, "कोणत्या हीटचे पोलाद?" प्रत्येक वितळणीला एक क्रमांक असतो, आणि तो तुकड्याबरोबर शेवटपर्यंत चालवावा लागतो. मी कातकामाच्या नादात तो छाप पुसून टाकला होता आणि कागदावर उतरवून घेतला नव्हता. त्या गृहस्थांनी तुकडा लाल पेटीत टाकला. मी म्हणालो, "साहेब, माप बरोबर आहे." ते म्हणाले, "अरे, माप तुझे आहे. पोलाद कोणाचे आहे?" त्या दिवशी मला राग आला. मी फोरमनकडे तक्रारही केली. पुष्कळ वर्षांनी समजले, की त्यांनी मला साऱ्या धंद्याचे मर्म एका वाक्यात सांगितले होते. ज्या तुकड्याचे कूळ सांगता येत नाही, त्यावर कोणाचा जीव सोपविता येत नाही. उद्या एक तुकडा तुटला, तर त्याच पोलादाचे बाकीचे तुकडे कोणत्या विमानांत बसले आहेत, हे वहीवरून तासाभरात निघाले पाहिजे.

मला आज जे सांगावयाचे आहे, ते हेच. सळई आणि रॉकेट यांतले अंतर आपण समजतो तेवढे यंत्रांचे नाही. यंत्रे विकत मिळतात. अंतर आहे ते मापाच्या आणि नोंदीच्या प्रामाणिकपणाचे. 'चालतंय की', हा आपला लाडका शब्द या धंद्यात चालत नाही. आणि प्रामाणिक माप शिकविण्यासाठी बंगळूरला जावे लागत नाही. ते आपल्या गावच्या लहानशा वर्कशॉपातही शिकविता येते.

आता आईबापांचा प्रश्न : वाट कोणती? सरळ सांगतो. वाटा तीन आहेत आणि त्या पुढे एकमेकींना मिळतात. दहावीनंतर आयटीआय : फिटर, टर्नर, मशिनिस्ट, इलेक्ट्रिशियन हे दोन वर्षांचे, वेल्डर एक वर्षाचा. दहावीनंतरच तंत्रनिकेतनाची तीन वर्षांची पदविका. आणि बारावीनंतर अभियांत्रिकीची चार वर्षांची पदवी. आयटीआय केलेल्या मुलाला पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो, आणि पदविका झालेल्याला पदवीच्या दुसऱ्या वर्षाला. म्हणजे जो खालच्या पायरीवर चढला, त्याला वरचा मजला बंद झाला, असे नाही. विमानाच्या कारखान्यात जाण्यासाठी 'एरोनॉटिकल' हे नाव असलेलीच पदवी हवी, हाही एक गैरसमज आहे. तेथे यंत्र, विद्युत, इलेक्ट्रॉनिक्स आणि धातुशास्त्र यांची माणसेच अधिक लागतात.

या सर्वांत मोलाची पायरी म्हणजे उमेदवारी, आणि आपण तिलाच सर्वांत कमी लेखतो. १९६१ च्या ॲप्रेंटिस कायद्याने कारखान्यांवर उमेदवार घेण्याचे बंधन घातले आहे. ओझरच्या कारखान्यासारख्या मोठ्या कारखान्यांत आयटीआय, पदविका आणि पदवी या तिन्ही पायऱ्यांवरचे उमेदवार घेतले जातात. विद्यावेतन तुटपुंजे असते आणि वर्षाअखेर नोकरी मिळेलच, अशी हमी नसते, हे मी लपवीत नाही. पण त्या एका वर्षात हाताला जे वळण लागते, ते कोणत्याही वर्गात लागत नाही. संभाजीनगरचे इंडो-जर्मन टूल रूम हेही असेच हाताला वळण लावणारे ठिकाण आहे. फॅरडेची आठवण मी मघाशी काढली, ती याचसाठी.

एक कटू गोष्ट बोलून दाखवतो. आपल्याकडे अभियंता जावई हवा असतो. फिटर जावई नको असतो. एकर-दीड एकर विकून मुलाला पदवीला बसवितात. मुलगा चार वर्षांनी प्रमाणपत्र घेऊन येतो, त्याला मायक्रोमीटर धरता येत नाही, आणि मग तो पदवीचा कागद पिशवीत घालून स्पर्धा परीक्षांच्या वर्गात जाऊन बसतो. दोष त्या मुलाचा नाही. ज्याने चार वर्षांत हात काळे केले नाहीत, त्याला आपणच सांगितले होते, की हात काळे होऊ नयेत म्हणून शीक. उलट चांगल्या वेल्डरला, चांगल्या टूल-मेकरला आजही लोक शोधत फिरतात.

म्हणून माझी विनंती तीन ठिकाणी आहे. पालकांनी मुलाला पदवीचे नाव विचारण्याआधी, 'तुला काय करता येते?' हे विचारावे. गावातल्या कारखानदारांनी वर्षातून चार दिवस आपली भट्टी आणि रोलिंग मिल नववी-दहावीच्या मुलामुलींना दाखवावी. भंगारापासून सळईपर्यंतचा प्रवास डोळ्यांनी पाहिलेल्या मुलाला भोवरी प्रवाहाचा धडा पाठ करावा लागणार नाही. आणि विद्यार्थ्यांनो, तुमच्यासाठी एकच. उद्या सायकलच्या दुकानात, मोटार गुंडाळणाऱ्याकडे, लेथवर, कोठेही उभे राहाल, तेथे एक वही ठेवा. काय केले, कशाचे केले, किती मापाचे केले आणि कोठे चुकले, हे रोज लिहा. चुकलेले आधी लिहा.

जालना १९८१ साली जिल्हा झाला. त्याआधी येथे जिनिंगचे भोंगे वाजत होते, नंतर बियाणे आले, पुढे सळई आली. प्रत्येक वेळी कोणीतरी नवे काम शिकले म्हणूनच ते आले. यापुढचे कामही तसेच येईल. एखाद्या खेड्यातल्या खांबावर तिसऱ्या उन्हाळ्यातही न जळलेले रोहित्र असेल, किंवा श्रीहरिकोट्याहून उचललेल्या रॉकेटातला एखादा तुकडा असेल. त्याच्या नोंदवहीत आपल्या मुलामुलींच्या सह्या असाव्यात, आणि त्या सहीवर कोणीही डोळे मिटून विश्वास ठेवावा, एवढीच इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.